टार्टच्या पारीवर राजम्याचं वजन

टार्टची पारी सारणाशिवाय आधी भाजायची, तर तळ फुगतो आणि कडा घसरतात. म्हणून भाजताना तिच्यावर वजन ठेवतात. त्यासाठीचे सिरॅमिकचे मणी महाग. घरातला कोरडा राजमा, छोले किंवा तांदूळ तेच काम करतात. बेकिंग पेपर आधी चुरगाळा, मग पसरा, म्हणजे कोपऱ्यांत नीट बसतो. दाणे काठोकाठ भरा. मूठभर टाकून उपयोग नाही, कडेला आधार त्यांचाच. १८० अंशांवर २० मिनिटं, मग कागदासकट दाणे उचलून तळ कोरडा दिसेपर्यंत आणखी ५-७ मिनिटं. साखर भरली तर आणखी छान, नंतर चहात वापरता येते. भाजलेला राजमा मात्र धड शिजत नाही, बरणीवर चिठ्ठी लावा. आमच्याकडे एकदा तोच रात्रभर उसळीसाठी भिजत पडला होता!