वाड्यात किंवा बंद कारखान्यात आर्ट इन्स्टॉलेशन (म्हणजे अख्खी जागा वापरून मांडलेली कलाकृती) बघायला जाताय?

पुण्यात पेठेत कुठे लागलं असेल तर गाडी नेऊच नका, लक्ष्मी रोडच्या आसपास पार्किंग शोधण्यातच स्लॉट, म्हणजे आत जायची ठरलेली वेळ, निघून जातो. सरळ मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत जा. स्लॉट शक्यतो वर्किंग डेचा दुपारचा घ्या, वीकेंडला मागच्या लोकांमुळे धड उभंसुद्धा राहता येत नाही.

आता महत्त्वाचं. प्रकाशातून केलेली कलाकृती असेल तर बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर पहिली काही मिनिटं नीट काहीच दिसत नाही, आणि बरेच लोक तेवढ्यात "काय विशेष नाही" म्हणून बाहेर येतात, खूप वाईट वाटतं बघून. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात ओ! तोवर मोबाईल खिशातच ठेवा, स्क्रीन लावली की डोळ्यांना झालेली सवय बरीचशी मोडते, आणि शेजारच्याचीही. भिंतीजवळ शांत उभे राहा, मग हळूहळू कोपऱ्यातले फिकट रंग, तुळईवरचं कोरीवकाम असं एकेक दिसायला लागतं.

आवाजातून केलेली कलाकृती असेल तर जागा बदलत राहा, दगडी भिंतीपाशी वेगळं ऐकू येतं आणि चौकात वेगळं.

वाड्यातले जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे असतात, त्यामुळे आजी-आजोबांना नेणार असाल तर वर जावं लागतं का हे आधीच फोन करून विचारा. चपला सपाट घाला. आणि स्ट्रोब लाइट (झपाझप लुकलुकणारे दिवे) असतील तर फिट येणाऱ्यांनी आत जाऊ नका, हे गेटवरच विचारून घ्या.