सणाच्या जेवणानंतर घरच्यांसोबत हॉरर बघायचाय? मग असं ठरवा

सणाला सगळे जमलेत, जेवणं झालीत आणि कोणीतरी म्हणतं चला एखादा भुताचा पिक्चर लावूया, मग पुढचा अर्धा तास नुसतं स्क्रोल करण्यात जातो आणि शेवटी कोणालाच बघायचं नव्हतं असं काहीतरी लागतं. म्हणून पिक्चर आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. आणि ठरवताना सगळ्यात भीतीदायक कुठला हे शोधत बसू नका, समोर कोण कोण बसणारे ते आधी बघा, म्हणजे सगळ्यात लहान पोर केवढं आहे, आजीआजोबा किती वाजेपर्यंत जागतील, आणि यावर्षी घरात कोणी गेलंय का. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे.

माझं ठाम मत असं की सणाच्या दिवशी हळूहळू चढत जाणारी भीती हवी, रक्तामांसाची नको. पोट गच्च भरलेलं असताना कापाकापी बघवत नाही, आणि दोन जण उठून आत गेले की सगळी मजाच जाते. जेवता जेवता तर हॉरर लावूच नका, कारण निम्मं लक्ष ताटात आणि निम्मं वाढण्यात, भीती जमायला सलग बसावं लागतं.

पोरं असतील तर दुपारीच उरकून घ्या. 'कोरलाइन' (२००९) सणाच्या दिवसाला अगदी फिट बसतो, कारण त्यातलं आमिषच मुळी जेवणाचं आहे. खऱ्या घरी आईबाबा कामात आणि जेवण बेचव, आणि छोट्या दारापलीकडच्या घरात मात्र टेबल भरून पदार्थ, रश्शाची छोटी आगगाडी टेबलावरून फिरत ताटात वाढतीये, आणि वाढणाऱ्या आईच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणं. मोठी माणसं यालाच जास्त घाबरतात असं माझं निरीक्षण आहे. पण अगदी बालवाडीतल्या पोरांना नको, ती बटणं रात्री स्वप्नात येतात. 'झपाटलेला' (१९९३) मात्र बिनधास्त लावा, तात्या विंचू दिसला की पोरं उशीमागे लपतात आणि लक्ष्मीकांत बेर्डे आला की परत बाहेर येतात, आणि मोठ्यांना तर तो पाठच असतो. 'ग्रेमलिन्स' (१९८४) पोस्टरवरून गोंडस वाटतो पण स्वयंपाकघरातला सीन चांगलाच हिंसक आहे, त्यावर्षी अमेरिकेत पीजी-१३ (म्हणजे तेरा वर्षांखालच्या पोरांच्या आईबाबांना सावध करणारं) हे नवीन रेटिंग आलं त्यामागे या पिक्चरबद्दलच्या तक्रारीही होत्या. शिवाय सांताक्लॉज खरा असतो असं मानणारं पोर घरात असेल तर हा लावूच नका, त्यात एक पात्र ते गुपित फोडून टाकतं.

आता सगळ्यांनी एकत्र बघायचा म्हटलं तर माझी पहिली पसंती 'अ क्वाएट प्लेस' (२०१८). दीड तासाचा आहे, त्यामुळे डुलकी लागायच्या आत संपतो. गोष्ट एका कुटुंबाचीच आहे, जरा आवाज झाला की मारणारे प्राणी येतात म्हणून ही माणसं खुणांच्या भाषेत बोलतात, अनवाणी चालतात, आणि जेवायला बसतात तेव्हा काटेचमचे नाहीत, पानांवर वाढलेलं हाताने गुपचूप खायचं. भरल्या घरात दिवसभर भांडी वाजत असतात, त्यानंतर हा सीन बघताना आपोआप सगळे गप्प होतात, कोणी पाण्याचा ग्लास ठेवला तरी दचकायला होतं. फक्त सुरुवातीलाच एका लहान मुलाचा जीव जातो आणि पुढे बाळंतपणाचा सीन आहे, त्यामुळे घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर आधी विचारून घ्या.

आजीआजोबांसोबत 'द अदर्स' (२००१). रक्त जवळजवळ नाहीच, मोठं अंधारं घर, उजेड सहन न होणारी दोन मुलं आणि एक दार बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा आईचा कडक नियम. पडदे ओढून घेतलेत तर संध्याकाळीही छान रंगतो. ज्याने आधी बघितलाय त्याच्याकडून शेवट न सांगायचं कबूल करून घ्या, यात शेवट कळला की निम्मा पिक्चर गेला. 'जॉज' (१९७५) पण चांगला. शूटिंगसाठी बनवलेला यांत्रिक शार्क सारखा बिघडायचा म्हणून दिग्दर्शक स्पिलबर्गने तो फार दाखवलाच नाही, आणि न दिसणाऱ्या शार्कचीच जास्त भीती वाटते. त्यात जेवणाच्या टेबलावर बाप थकून बसलेला असतो आणि छोटा मुलगा त्याच्या प्रत्येक हालचालीची नक्कल करतो, तेवढ्यासाठी तरी घरच्यांसोबत बघा.

लहान आणि म्हातारी माणसं झोपली की मग बाकीच्यांसाठी 'गेट आउट' (२०१७), पोरगा पहिल्यांदाच गर्लफ्रेंडच्या आईवडलांकडे जातो आणि तिथे सगळे जरा जास्तच गोड वागतात. 'तुंबाड' (२०१८) मोठ्या टीव्हीवर, सगळे लाइट बंद करूनच. 'रेडी ऑर नॉट' (२०१९) मध्ये नवरीला लग्नाच्या रात्री सासरचे लपाछपी खेळायला लावतात, शिव्या आणि रक्त भरपूर, तेव्हा फक्त भावंडांनी बघा.

'हेरेडिटरी' (२०१८) उत्तम पिक्चर आहे, पण सणाला नको. घरातल्या मृत्यूनंतर एकमेकांना दोष देणारी माणसं आहेत त्यात, जेवणाच्या टेबलावर आई मुलावर जे ओरडते ते ऐकवत नाही, आणि ज्यांच्या घरची खुर्ची यंदाच रिकामी झालीये त्यांना हे दाखवणं क्रूरपणा आहे.

टीव्हीचं सेटिंगही आधीच बघा. हॉररमध्ये कुजबुज ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला की पुढच्या किंकाळीला झोपलेलं बाळ उठतं, यावर उपाय म्हणजे नाइट मोड, बऱ्याच टीव्हीत आणि साउंडबारमध्ये असतो, मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो. सबटायटल्स चालू ठेवा. खिडकीचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडत असेल तर पडदा ओढा, नाहीतर अंधारे सीन नुसते काळे दिसतात. आणि पहिली दहा मिनिटं आदल्या रात्री एकट्याने बघून घ्या, भाषा आणि प्रिंट बरोबर आहे ना तेवढं कळतं.

कोणाला नको असेल तर त्याला भित्रा म्हणून चिडवायचं नाही, आणि मागून येऊन भॉक करायचं नाही, विशेषतः हार्टचा त्रास असलेल्यांना. पिक्चर संपला की लगेच झोपायला पांगू नका, लाइट लावा, दहा पंधरा मिनिटं बोला, पोरांना विचारा कुठे जास्त भीती वाटली, आणि त्या रात्री त्यांना मोठ्या कोणाजवळ झोपायचं असेल तर झोपू द्या.