पूर ओसरल्यावर एक घर उभं करताना

सांगलीनं २००५, २०१९ आणि २०२१ असे मोठे पूर सोसले. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. मदतीचे टेम्पो तेव्हा भरभरून आले, पण जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात तसेच पडून राहिले. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, की सगळ्या गावाला थोडं थोडं वाटत बसू नका. आठ-दहा जणांनी मिळून एक घर धरा आणि ते उभं राहीपर्यंत सोडू नका.

गेल्या गेल्या फावडं हातात घेऊ नका. आधी भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य आणि मोडलेलं सामान यांचे फोटो काढा. तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतात तेव्हा हेच उपयोगी पडतं. जनावर दगावलं असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना कळवा.

मग गाळ. तो ओला आहे तोवरच काढायचा, वाळला की दगड होतो. पायात गमबूट हवेतच. अडगळीत साप असतो आणि घाण पाण्यातून लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती असते. वायरमन बघून जाईपर्यंत मेन स्विच बंद ठेवा. मातीच्या भिंतींचा भरवसा धरू नका. पाण्यात उभी राहिलेली भिंत ऊन पडल्यावर खचते, तेव्हा त्या घरात लगेच झोपायला जाऊ देऊ नका. विहीर उपसून टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून घ्या, प्यायचं पाणी तरीही उकळूनच.

कागदांकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. पत्र्याची ट्रंक उघडली, की रेशन कार्ड, पासबुक आणि पोरांचे दाखले एकमेकांना चिकटून लगदा झालेले असतात. ते ओढून सोडवू नका, फाटतात. गठ्ठा तसाच वर्तमानपत्रावर ठेवा, वरून दुसरा कागद दाबा, कागद ओला झाला की बदला आणि सावलीत वाळू द्या. कडा आपोआप सुटायला लागल्या की एकेक पान वेगळं करा. सातबारा ऑनलाइन मिळतो, आधारही पुन्हा काढता येतं. त्या खेपा मात्र घरच्यांसोबत तुम्ही घाला.

सामान आणण्याआधी घरातल्या बाईंना विचारा, "वहिनी, चूल पेटवायला काय काय लागंल?" शेगडी, कुकर, तवा, परात, पोळपाट-लाटणं, तिखट-मिठाचा डबा, बादल्या, सतरंज्या, अशी यादी त्या घडाघडा सांगतात. सॅनिटरी पॅड आणि नवे आतले कपडे त्या संकोचानं सांगत नाहीत; न विचारता पिशवीत घालून द्या. रोख द्यायची असेल तर चारचौघांत, फोटो काढत देऊ नका. मोडलेल्या माणसाला त्या क्षणी मान खाली घालावी लागते, ते बघवत नाही.

पोटापाण्याचं साधन त्यानंतर लगेच बघा. भिजलेली शिलाई मशीन भंगारात जाण्याआधी खोलून, पुसून, तेल घालून पाहावी. बऱ्याचदा चालू होते. गोठ्यात गाय-म्हैस असेल तर आधी वैरण पोचवा, कारण दुधाचे पैसे तिथूनच सुरू होतात.

ऑगस्टच्या पुरानंतर अडीच-तीन महिन्यांत दिवाळी येते. तोवर टेम्पो थांबलेले असतात आणि उधारी वाढलेली असते. तेव्हा त्याच घरी पुन्हा जा. फराळ न्याच, पण बसून विचारा, पंचनाम्याचे पैसे खात्यावर जमा झाले का.