लायसन काढताना: बिनगिअरचं की गिअरचं?

दहावी-बारावीचे निकाल लागले की नात्यातली आणि शेजारची मुलं लायसनची चौकशी करायला माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, मोपेडचं काढू की थेट मोटरसायकलचं लर्निंग टाकू?" मी सातारा जिल्ह्यात फील्डवर काम करते, रोजचा दिवस गाडीवरच जातो, म्हणून विचारत असावेत. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आधी वयाचं. सोळा पूर्ण झाली की लायसन मिळतं हे खरं आहे, पण ते फक्त 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी आणि पालकांच्या लेखी संमतीने. कायदा 1988 सालचा आहे. तेव्हा रस्त्यावर लूनासारख्या 50 सीसीच्या मोपेड सर्रास धावायच्या, त्यामुळे या सवलतीला अर्थ होता. आज शोरूममध्ये जाऊन बघा. अॅक्टिव्हा 110 सीसीच्या आसपास, अॅक्सेस 125 च्या आसपास, आणि ज्या टीव्हीएस एक्सएलला आपण अजून मोपेड म्हणतो तीसुद्धा जवळजवळ 100 सीसीची. म्हणजे सोळाव्या वर्षी काढलेल्या लायसनवर घरातली एकही गाडी बाहेर काढता येत नाही. नंबरप्लेट नसलेल्या, ताशी 25 किलोमीटरच्या आत धावणाऱ्या छोट्या मोटरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना लायसन लागतच नाही. बाकीच्या इलेक्ट्रिक स्कूटरना मात्र लागतं. "बॅटरीची आहे, चालतंय" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

पालकांना इथे कळकळीने सांगते. "क्लासपर्यंतच तर जातो" म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात अॅक्टिव्हाची किल्ली देऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड अशी तरतूद आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. कॉलेज, पहिली नोकरी, सगळा काळ बिनालायसनचा! त्यापेक्षा दोन वर्षं सायकल आणि एसटीचा पास बरा. घरात जुनी, चालू स्थितीतली, कागदपत्रं धड असलेली 50 सीसीची गाडी असेल तरच सोळाव्या वर्षी अर्ज करण्यात अर्थ आहे.

अठरा पूर्ण झाली की खरी निवड समोर येते. फॉर्मवर दोन पर्याय असतात, विदाउट गिअर आणि विथ गिअर. घरात स्कूटर आहे, तीच चालवायची आहे, मग बिनगिअरचं पुरे, असं बहुतेकांना वाटतं. मुलगी असेल तर तिला कुणी विचारतही नाही, एजंट परस्पर विदाउट गिअरवर खूण करून मोकळा होतो. याचा मला मनापासून राग येतो. फॉर्म स्वतः वाचा आणि विथ गिअर लिहा. गिअरचं लायसन असलं की स्कूटरही चालवता येते, उलट मात्र चालत नाही. बिनगिअरच्या लायसनवर मोटरसायकल चालवताना पकडलं तर लायसन नसल्यासारखंच धरलं जातं. अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करायला निघू शकते.

आमच्या घरी स्कूटरच होती, तरी वडिलांनी मला गिअरचंच काढायला लावलं. त्याचा उपयोग नोकरीत झाला. बी-बियाणं, मायक्रोफायनान्स, विमा, औषध कंपन्या यांच्या जाहिराती वाचा, "दुचाकी व लायसन आवश्यक" हे वाक्य असतंच. पाटण-जावळीकडच्या वाड्या-वस्त्यांवर जायचं तर स्कूटरची दहा-बारा इंची चाकं खडीच्या चढाला घसरतात, मोटरसायकलची अठरा इंची चाकं खड्डा सहज ओलांडतात. ऑफिसची गाडी मिळते तीही बहुधा गिअरचीच. "मुलींना जड जाते" हेही तपासून बघा. स्प्लेंडरचं वजन सुमारे 112 किलो, अॅक्टिव्हाचं 106 च्या आसपास. सीटच्या उंचीत दोनेक सेंटिमीटरचा फरक. जड जातो तो क्लच, आणि तो सरावाने येतो.

क्लच शिकायची माझी पद्धत सांगते. मोकळं मैदान घ्या. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, अॅक्सिलरेटरला हातच लावू नका. क्लच हळूहळू सोडत जा. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे ओढ घेते. तिथेच बोटं थांबवा. तो हाफ क्लच. एक अख्खी संध्याकाळ फक्त हेच करा, ओढ घेतली की क्लच दाबून थांबा. बोटांना ती जागा सापडली की पुढचं सोपं आहे. टेस्टला आठचा आकडा काढायचा असतो, तोही याच्यावरच निघतो. पहिला गिअर, हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर पाय किंचित टेकलेला, आणि नजर पुढच्या चाकाकडे न ठेवता वळण जिथे संपतं तिथे. चाकाकडे बघितलं की पाय खाली टेकतोच.

बाकी प्रक्रिया अवघड नाही. सारथी पोर्टलवर अर्ज, चिन्हांची आणि नियमांची ऑनलाइन परीक्षा, मग लर्निंग. ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवस झाल्यावर पक्क्या लायसनची टेस्ट देता येते. कारचंही शिकायचं असेल तर त्याच अर्जात टाका. लर्निंगवर असताना पुढे-मागे लाल रंगात 'एल' लावा, हेल्मेट घाला. मागे बसवायचं तर पक्कं लायसन असलेल्या शिकवणाऱ्यालाच, मैत्रिणीला नाही. टेस्टला गिअरची गाडीच न्यावी लागते आणि तिचं आरसी, विमा, पीयूसी चालू असावं. गाडी कुणाची मागून नेणार असाल तर ही कागदं आदल्या दिवशी बघून घ्या.

बिनगिअरचं लायसन काही कमी दर्जाचं नाही. माझ्या मावशीने पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते काढलं. तिला बाजार, बँक आणि देऊळ एवढंच फिरायचं होतं, गुडघा दुखतो, गिअर बदलणं जमणारं नव्हतं. तिच्यासाठी तेच योग्य. पण अठरा-वीस वर्षांच्या धडधाकट मुला-मुलींनी केवळ टेस्ट सोपी जाते म्हणून ते घेऊ नये.

ज्यांनी आधीच बिनगिअरचं काढलंय त्यांनी नव्याने सगळं करायची गरज नाही. सारथीवर आहे त्या लायसनमध्ये नवा वर्ग जोडायचा पर्याय आहे. गिअरच्या दुचाकीसाठी लर्निंग घ्यायचं, तीस दिवस थांबायचं आणि मोटरसायकलवर टेस्ट द्यायची. तोवर जुनं लायसन चालूच राहतं, त्यामुळे स्कूटर बंद ठेवावी लागत नाही.