मुदतपूर्व बाळांमधील पीडीए : निदानात आणि उपचारांत या चुका टाळा

गर्भात फुप्फुसे श्वसनाचे काम करत नसल्याने फुप्फुस धमनीतील बरेचसे रक्त ‘डक्टस आर्टेरिओसस’ या वाहिनीतून थेट महाधमनीत जाते. पूर्ण दिवसांच्या बाळात ही वाहिनी जन्मानंतर साधारण 72 तासांत बंद होते. 28 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळात मात्र ती बरेचदा उघडी राहते; यालाच पीडीए (पेटंट डक्टस आर्टेरिओसस) म्हणतात. ती उघडी दिसताच ती बंद करणारे औषध सुरू करणे, ही सर्वांत मोठी चूक. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेनेडक्टस चाचणीत अशा बाळांना लगेच आयबुप्रोफेन हे असे औषध देण्याच्या तुलनेत वाट पाहणे कमी प्रतीचे ठरले नाही, आणि 2024 च्या बेबी-ऑस्कर चाचणीतही लवकर दिलेल्या आयबुप्रोफेनने मृत्यू किंवा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार लक्षणीयरीत्या घटला नाही.

स्टेथोस्कोपवर विसंबणे ही दुसरी चूक. पहिल्या काही दिवसांत मोठ्या वाहिनीतही मर्मर (हृदयाच्या ठोक्यांसोबतचा जादा आवाज) ऐकू येईलच असे नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावरही वाहिनीच्या केवळ 1.5 मिलिमीटर व्यासाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. डावे अलिंद (हृदयाचा वरचा डावा कप्पा) किती फुगले आहे, उतरत्या महाधमनीत हृदय शिथिल असताना रक्त उलटे वाहते का आणि बाळाची ऑक्सिजनची गरज वाढते आहे का, हे एकत्र पाहावे लागते.

याच इकोत हृदयाची रचना नीट तपासली नाही, तर चूक जिवावर बेतू शकते. महाधमनी अरुंद असेल किंवा फुप्फुसाकडे जाणारी झडप जन्मतः बंद असेल, तर उघडी वाहिनीच बाळाला जगवत असते आणि ती उघडी राहावी म्हणून प्रोस्टाग्लँडिन हे औषध द्यावे लागते. फुप्फुसातील दाब जास्त असून रक्त उजवीकडून डावीकडे (फुप्फुस धमनीतून महाधमनीत) वाहत असेल, तरीही वाहिनी बंद करणे घातक ठरते.

वाहिनी बंद करण्यासाठी इंडोमेथॅसिन किंवा आयबुप्रोफेन देण्यापूर्वी लघवीचे प्रमाण, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी), प्लेटलेट आणि आतड्यांची स्थिती पाहावी. इंडोमेथॅसिनसोबत हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिल्यास आतड्याला छिद्र पडण्याचा धोका वाढतो. याच कामासाठी दिले जाणारे पॅरासिटामॉल मूत्रपिंडांना तुलनेने सौम्य असले, तरी यकृताच्या तपासण्या टाळू नयेत. द्रवपदार्थ फारच कमी केल्यास पोषण आणि रक्ताभिसरण दोन्ही घटतात, हे तर अनेकदा विसरलेच जाते.

औषधांनी वाहिनी बंद झाली नाही आणि बाळ व्हेंटिलेटरवरून निघत नसेल, तर कॅथेटरने (रक्तवाहिनीतून घातलेल्या बारीक नळीने) ती बंद करणारे उपकरण बसवता येते; अमेरिकेत 2019 पासून 700 ग्रॅम व त्याहून अधिक वजनाच्या बाळांसाठी त्याला मान्यता आहे. वाहिनी शस्त्रक्रियेने बंद केल्यास स्वरयंत्राच्या मज्जातंतूला इजा होऊ शकते. शिवाय त्यानंतर साधारण 6 ते 12 तासांत रक्तदाब अचानक घसरू शकतो, म्हणून त्या काळात देखरेख अजिबात सैल करू नये.