बाबांचा गोळ्यांचा डबा उपडा केला तेव्हा कळलं

आमच्या बाबांच्या गोळ्या संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात राहतात. बीपीचे डॉक्टर नागपूरच्या धंतोलीत, गुडघ्याचे रामदासपेठेत, तापाची गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, म्हणजे तिघं जण औषध देऊन राहिले अन् एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. मागच्या मे महिन्यात पाय सुजले, बीपी काही केल्या उतरेना, तेव्हा कुठं मी तो डबा पलंगावर उपडा केला. तुम्ही आधीच करा बाप्पा.

ब्रँडचं मोठं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा, मोबाईलवर फोटो काढून झूम करा. खरं औषध तिथं असते. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन 400 मिग्रॅ अन् पॅरासिटामॉल 325, त्यावर डोलो 650 म्हणजे पुन्हा पॅरासिटामॉलच घेतली, पॅरासिटामॉलवाली सर्दीची गोळीही घेतली, की पॅरासिटामॉल तीनदा गेलं ना पोटात! मोठ्या माणसानं दिवसाला 4 ग्रॅमच्या वर जायचं नाही, लिव्हरचं काम तमाम होते. अन् मेडिकलवाला स्ट्रिप कापून देत असेल तर नाव अन् एक्स्पायरीची बाजू मागून घ्या, नाहीतर घरी नुसत्या पांढऱ्या गोळ्या.

आता बाबांचा घोळ. बीपीसाठी टेल्मिसार्टन, सोबत लघवीची गोळी, अन् गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही पेनकिलर. पेनकिलरनं किडनीकडे जाणारं रक्त कमी होते अन् अंगात मीठ-पाणी साचते, म्हणून पाय सुजतात, बीपी चढते. लघवीची गोळी उलट पाणी काढते, अन् टेल्मिसार्टननं किडनीच्या आतलं प्रेशर उतरते. तिन्ही बाजूंनी किडनीच सापडते. त्यात आपलं 45 डिग्रीचं ऊन, पाणी कमी पिलं की संपलं. रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉम, चालू असेल तर पेनकिलर विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही, पोटात रक्तस्राव होऊ शकते.

काही गोळ्यांना नुसतं अंतर पाहिजे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, कॅल्शियम-आयर्न त्यानंतर 4 तासांनी, नाहीतर थायरॉइडची नीट शोषल्याच जात नाही अन् मग रिपोर्ट पाहून डोस वाढवून राहिले. आईचं हेच होत होतं.

मग एका कागदावर सगळं लिहा: औषधाचं नाव, मिग्रॅ, कधी घेता, कोणी दिली. काढे-चूर्णही लिहा, ज्येष्ठमध रोज घेतला तर बीपी वाढवते. तो कागद प्रत्येक डॉक्टरसमोर ठेवा. स्वतःच्या मनानं बीपीची गोळी मात्र बंद करू नका.

कागद पाहून गुडघ्याच्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक बंद करून लावायचं जेल दिलं. बाबांचा प्रश्न वेगळाच, "संत्री चालतीन का?" चालतात. ग्रेपफ्रूट अन् पपनस काही कोलेस्टेरॉलच्या अन् बीपीच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, ते विचारून खा.