प्रबंधाची फाइल ऐनवेळी बिघडते ती स्टाइल न वापरल्यानं: या चुका टाळा

प्रबंध उद्या नागपूरच्या बर्डीवर बाइंडिंगला द्यायचा असतो आणि आज गाइड सांगतात, "प्रकरणांची नावं १६ पॉइंटांत हवीत." दोनशे पानं, आणि प्रत्येक मथळा हातानं ठळक केलेला. रात्र त्यातच जाते. नागपुरातल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या अशा फाइली मी लावून देतो, म्हणून कळकळीनं लिहितोय.

मथळा आपल्याला मथळा दिसतो, पण वर्डच्या लेखी तो साधा परिच्छेदच असतो. म्हणून अनुक्रमणिकाही आपोआप तयार होत नाही. त्या ओळीवर कर्सर ठेवून वर्डमध्ये कंट्रोल+आल्ट+१ दाबा, लिब्रेऑफिस रायटर या मोफत लेखन-प्रोग्रॅममध्ये कंट्रोल+१. 'हेडिंग १' ही स्टाइल, म्हणजे फॉन्ट, आकार, ठळकपणा यांचा नाव दिलेला एकत्रित संच, लागेल. पुढे आकार बदलायचा तो स्टाइलमध्ये, एकदाच.

तरीही काही मथळे बदलत नाहीत? त्यांच्यावर आधीचं हातानं केलेलं फॉरमॅटिंग बसलेलं असतं. मथळा सिलेक्ट करून वर्डमध्ये कंट्रोल+स्पेसबार आणि कंट्रोल+क्यू, रायटरमध्ये कंट्रोल+एम दाबा. पूर्ण फाइलीवर मात्र हे करू नका, मजकुरातली तिरकी केलेली ग्रंथनामंही सरळ होतील.

मराठीत खरा घोळ फॉन्टचा. स्टाइलमध्ये फॉन्ट बदलला, इंग्रजी शब्द बदलले, देवनागरी जागची हलली नाही, ही तक्रार मी सतत ऐकतो. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतं आणि तिचा फॉन्ट, आकार, ठळकपणा वेगळा ठेवतं. स्टाइलच्या नावावर राइट-क्लिक करून मॉडिफाय, फॉरमॅट, फॉन्ट असं जा आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या रकान्यात बदल करा. रायटरमध्येही हे रकाने वेगळेच असतात.

मजकूर कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर आधी थांबा. त्यात 'कमल' हा शब्द फाइलीत डी, ई, वाय या रोमन अक्षरांनीच साठवलेला असतो. देवनागरी दिसते ती फक्त फॉन्टमुळे. फॉन्ट बदलला किंवा वरचं कंट्रोल+स्पेसबार दाबलं, की पानभर रोमन अक्षरं. फाइलीची प्रत ठेवा, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या, तपासा, मगच स्टाइल लावा.

नवं प्रकरण नव्या पानावर आणायला एंटर मारत बसू नका. 'हेडिंग १'मध्येच 'पेज ब्रेक बिफोर' निवडा. आणि वर्डच्या स्टाइलमधलं 'ऑटोमॅटिकली अपडेट' बंदच ठेवा. ते चालू असलं, की एक मथळा हातानं बदलताच त्या स्टाइलचे सगळे मथळे बदलतात.